बाजारात बसणारा भाऊजी

९ ऑक्टोबर १९८२, बहारीन

आज काळूरामला मारलं. आमच्या अर्नाळ्याचाच आहे, माझ्या वरच्या खाटेवर झोपतो. सुट्टी संपवून काल आला. सुका बोंबील आणला, सगळ्यांना वाटला, आणि जेवताना सगळ्यांसमोर मला म्हणतो, "हिरामण, तुझा भाऊजी कोळीण झाला रे. वसईच्या बाजारात बायांच्या मधी बसून म्हावरं विकतो. लुगडं नेसायचं तेवढं राहिलंय."

सगळे हसले. केरळचे दोघे आहेत, त्यांना मराठी कळत नाही, ते पण हसले. मी ताट त्याच्या तोंडावर फेकलं.

आमच्यात पुरुष समुद्रावर जातो, म्हावरं बंदरावर आणून टाकतो. पुढचं सगळं बाईचं. भाव तिचा, गिऱ्हाईक तिचं, पैसा तिच्या कनवटीला. पुरुषाने टोपली घेऊन बसायचं नसतं. बायको मेली तरी वहिनी बसते, बहीण बसते. माझी बाय मथुरा तर जिवंत आहे. मग आत्माराम का बसतो? म्हणजे तिला बाजारात येऊ देत नाही. तिच्या हातातला पैसा काढून घेतला. दुसरं काय असणार?

बाय माझी मोठी बहीण. आये बाजारात, बाबा समुद्रात गेला तो परत आलाच नाही, मला बायनेच वाढवलं. तिच्या तोंडाला अख्खा बाजार भ्यायचा. एका व्यापाऱ्याने पापलेट उचलून वास घेतला आणि नाक मुरडलं, तर तिने तोच मासा त्याच्या खिशात कोंबला. म्हणाली, घरी जाऊन नीट हुंग. अशी बाई. आणि हा बावळट तिच्या जागेवर बसतो.

सुट्टी मागितली आहे. नाही दिली तरी जाणार.

कंपनीने वाटलेल्या या डायरीत आजवर एक ओळ लिहिली नव्हती. आज लिहितो, कारण बोललो तर परत कोणालातरी मारीन. शाळा चौथीपर्यंत. शुद्धलेखन गेलं खड्ड्यात.

२ नोव्हेंबर, अर्नाळा

घरी आलो. आये बारीक झाली आहे, पण आवाज तोच.

आयेने सगळं सांगितलं. बायचं बाळंतपण फेब्रुवारीत इथेच झालं. मुलगी झाली, मालू. पाचवी पुजली आणि बायला कोणाची तरी नजर लागली. झोपेना. पोरीला हात लावीना. म्हणायची ही माझी नाय, माझी बदलली. आयेने भगताला आणलं, अंगारा लावला, धुरी दिली, लोकांना दिसायला नको म्हणून दार लावून ठेवलं. आये म्हणते उतरत आलं होतं. तेवढ्यात बारशाला आत्माराम आला, तिला बघितलं, आणि सव्वा महिना व्हायच्या आधी ओल्या बाळंतिणीला टेम्पोत घालून ठाण्याला घेऊन गेला.

ठाण्याला, वेड्यांच्या इस्पितळात नेलं, हे आमच्याकडे कोणी मोठ्याने बोलत नाही. आये पण हळूच बोलली.

"मला का नाय कळवलंस?"

"काय कळवू, हिरा? असं कोनाला लिहायचं असतं काय? आनि तू तिकडून काय करनार होतास?"

मी जहाजांचा गंज खरवडत होतो आणि इकडे माझ्या बहिणीला वेडी ठरवलं. त्यानंतर आये दोनदा आणायला गेली, त्याने सोडलं नाही. उद्या नाहीतर परवा जातो. बघतो कसा सोडत नाही.

५ नोव्हेंबर

पाचूबंदरला, बायच्या सासरी गेलो होतो.

ओट्यावर आत्माराम पोरीची लंगोटं धूत होता. दाढी वाढलेली, तोंडात विझलेली विडी. मला बघून लाजेल, उठेल, काहीतरी करेल असं वाटलं. म्हणाला, "ये हिरामण. हात ओले हायत. आत जा, जागी हाय ती."

आत बाय बसली होती. मी आधी ओळखलंच नाही. अंग सुटलंय, चेहरा सुजल्यासारखा, जीभ जड. कपाला हात लावला तर कप बशीवर वाजत राहिला. "कधी आलास?" म्हणाली. पोस्टमनला विचारावं तसं. मी साडी नेली होती, अत्तर नेलं होतं. तिने साडीवर हात फिरवला, छान हाय म्हणाली आणि बाजूला ठेवली. मला रडू यायला लागलं. मग राग आला. राग बरा.

पोरीची आंघोळ बघितली. बाय पाय पसरून बसली, पोरीला पायांवर घेतलं. आत्माराम तांब्या घेऊन मुकादमासारखा उभा. बायचे हात हलत होते, साबण निसटत होता, पोर किंचाळत होती. आणि हा नुसता उभा. धरत नाही, पुढे होत नाही. "दम घे," म्हणतो. "घाई नाय. मी पानी ओततो, तू कर." गडीमाणसाकडून काम करून घ्यावं तसं. सगळं होईपर्यंत तिला घाम फुटला. मग म्हणतो, "झालं ना?" आणि हसतो. यात हसण्यासारखं काय आहे?

मग बाटली काढली. गवळ्याचं दूध. माझी भाची बाटलीवर.

"डॉक्टर म्हनाले, गोळ्या चालू हायत तोवर अंगावर पाजायचं नाय," आत्माराम म्हणाला. "रात्रीचं मीच उठतो. तिची झोप मोडायची नाय."

मी म्हटलं, "दूध तू पाजनार, लंगोटं तू धुनार, बाजारात तू बसनार. मग हिला कशाला ठेवलीस? शोभेला?"

बाय बोलली, "हळू बोल. मालू दचकते."

तेवढं एक वाक्य जुन्या बायसारखं वाटलं. पण ते पण मलाच ऐकवलं.

८ नोव्हेंबर

बाजारात गेलो. डोळ्यांनी बघितल्याशिवाय राहवेना.

खरंच बसला होता. पुढे मांदेली, थोडी कोळंबी, डोक्यावर फडकं. शेजारी रेजिना बसते, पाचूबंदरची क्रिस्तांव कोळीण, नवरा नसलेली, तोंडाची तिखट.

"आत्माराम, सरक. तुझ्या मांडीनं माझं गिऱ्हाईक अडवलं."

"तुझं गिऱ्हाईक तुझं तोंड बघून गेलं. मांडीला कशाला बोलतेस?"

सगळ्या बाया खिदळल्या. त्यात हा पण. आपल्यावर हसतात हे सुद्धा याला कळत नाही. एका बाईने भाव पाडला, त्याने लगेच देऊन टाकलं, वर मूठभर कोळंबी. मी जाऊन त्याचा दंड धरला. चल ऊठ म्हटलं, घरी चल, आमची लाज काढू नको.

"ए बहारीन," रेजिना म्हणाली. "हात सोड त्याचा."

"तू मधी पडू नको."

"मीच मधी पडले होते तेव्हा. सुरुवातीला हा पन घाबरून होडीवर झोपायला पळाला होता. मी कान धरून घरी आनला. आता पहाटे उठून बंदरावर जायला लागलं की तुझ्या बायची झोप मोडते, आनि झोप मोडली की तिचं डोकं फिरतं. म्हनून हा बसतो. कळलं? तू होतास तेव्हा?"

"त्याची वकिली करून तुला काय मिळतं?"

"त्याचं गिऱ्हाईक मिळतं. याला भाव कुठं करता येतो?"

परत सगळ्या हसल्या. मी निघून आलो. आत्माराम मागून म्हणतो, "हिरामण, घरी जेवून जा." जेवण. याच्या हातचं.

१७ नोव्हेंबर, भाऊबीज

आज मी जिंकलो.

सकाळीच पाचूबंदरला गेलो. बायने ओवाळलं. ताटातली ज्योत थरथरत होती. ओवाळून झाल्यावर आत्मारामचा मोठा भाऊ दयाराम आणि त्याची बायको द्वारका बसले होते, त्यांच्यासमोर मी म्हटलं, "बायला आनि पोरीला माहेरी नेतो. आये वाट बघते." दिवाळीत भाऊ न्यायला आला तर चार माणसांसमोर नाही म्हणता येत नाही. हे मला माहीत होतं, म्हणूनच आजचा दिवस धरला. दयाराम लगेच म्हणाला, "ने की. आमच्या आत्मारामला पन जरा मानसासारखं जगू दे." होडी दयारामची आहे, घरात त्याचाच शब्द चालतो. द्वारका पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. तिला मूल नाही. ती म्हणाली, "मालूला ठेवून जा, मी बघते." मी म्हटलं पोरगी आईबरोबर.

आत्मारामने मला बाहेर नेलं. कागदाच्या पुड्या दिल्या. सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी. "रोज हातात दे. ती मागेलच. नाय मागितल्या तरी दे. रात्री मालू रडली तर तू ऊठ, नाहीतर आयेला उठव. मथुराला उठवू नको. एवढं एकच कर, हिरामण." असं चार वेळा सांगितलं. मी लहान आहे का?

टेम्पोत बाय म्हणाली, "मला तिकडं भीती वाटते."

कोणाची भीती? आपल्या घराची? हे पण त्यानेच शिकवलं असणार.

१८ नोव्हेंबर

पुड्या समुद्रात टाकल्या.

बायने सकाळी मागितल्या. मी म्हटलं, आता तू घरी आलीस, इथे गरज नाय. संध्याकाळी परत मागितल्या. "हिरा, गोळ्या दे रे." हात पुढे करून. माझ्या बहिणीला भिकाऱ्यासारखी सवय लावली आहे. आये म्हणाली, भगताचा अंगारा आहे घरात. बायने आयेकडे असं बघितलं की आये आत निघून गेली.

२० नोव्हेंबर

मागायची थांबली. मी म्हणत होतो ना, नुसती सवय.

२३ नोव्हेंबर

लिहायला बरं वाटतं आज. बायचे हात हलत नाहीत. जीभ मोकळी झाली. काल तिने बोंबलाचं आंबट कालवण केलं, आयेला म्हणाली, "तुझ्या हातची चव गेली गो, आता मी हाय तोवर चुलीला हात लावू नको." आये हसली. मालूला कडेवर घेऊन सगळ्या आळीत फिरली. पोरीशी एवढं बोलते, एवढं बोलते, पोर तिच्या तोंडाकडे बघत राहते.

माझी बाय परत आली. ठाण्याच्या डॉक्टरांना जमलं नाही ते मी केलं.

आत्माराम आला होता दुपारी. मी दारातच उभा राहिलो. म्हटलं, झोपलीय. ती झोपली नव्हती, मागे बांबूंवर बोंबील वाळत घालत होती आणि गात होती. त्याने गाणं ऐकलं असेल का? "झोपते ना नीट?" विचारलं. हो म्हटलं. "गोळ्या?" हो म्हटलं. थोडा वेळ उभा राहिला, विडी पेटवली, गेला. पोरीसाठी आणलेला खुळखुळा ओट्यावर ठेवून गेला.

२६ नोव्हेंबर

बाय बंदरावर गेली. एका होडीचं अख्खं म्हावरं बोलीत घेतलं आणि अर्धं तिथेच पोरांना वाटून टाकलं. दम आहे तिच्यात. लोक बघत होते. मला आवडलं, आणि थोडं नाही पण आवडलं. म्हणते, मला आता झोपेची गरज नाय, मालूला पन नाय. मालूला रात्रीची उठवते, तिच्याशी बोलते. म्हणते ही बंदराची मालकीण होणार, हिला समुद्र ओळखतो.

आये म्हणाली, "हिरा, तेव्हा पन असंच सुरू झालं होतं."

मी आयेवर ओरडलो. ती हसते ते पण तुम्हाला बघवत नाय का? आये गप्प बसली की मला जास्त राग येतो.

२९ नोव्हेंबर

पोरगी वाचली. बाय पण.

सकाळी उजाडल्यावर बायने मालूला म्हावऱ्याच्या टोपलीत ठेवलं, टोपली डोक्यावर घेतली आणि समुद्रात चालत गेली. किल्ल्यातल्या देवीला दाखवायला. समुद्र मला वाट देतो, म्हणत होती. किल्ला बेटावर आहे, होडीशिवाय जाता येत नाही, आणि भरती लागलेली. जाळी शिवणाऱ्या माणसांनी बघितलं. मी पोचलो तेव्हा ते तिला ओढत आणत होते आणि ती त्यांना लाथा मारत होती, चावत होती, मला शिव्या देत होती. अशा शिव्या मी गोदीत पण ऐकल्या नाहीत.

गळ्यापर्यंत भिजली होती. पोरगी कोरडी. टोपली तिने दोन्ही हातांनी वर धरली होती, माणसांनी हात ओढले तरी सोडत नव्हती. लाटा तोंडात जात होत्या तरी वर धरलेली. कशाला, ते देवाला माहीत.

आये उंबऱ्यात बसून राहिली. भगताला बोलवू का म्हणाली. मी म्हटलं, त्याचं नाव काढलंस तर त्याला पण समुद्रात घालीन.

आत्मारामला आणायला मलाच जावं लागलं. जाळी खाली टाकून तो जसा होता तसा निघाला. वाटेत एकच विचारलं, "गोळ्या?"

"संपल्या असतील," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं मारतो आता. मारायला पाहिजे होतं, मी परत मारलं असतं, मोकळं झालं असतं. तो म्हणाला, "तुझ्या हातात मी दोघींना दिलं होतं." बस.

५ डिसेंबर

ठाण्याला जाऊन आलो. बायने मला बघितलं आणि भिंतीकडे वळली. सुई दिलेली असते, झोपेत असते. आत्माराम बाहेर बाकावर बसलेला असतो. घरी जात नाही. मालू द्वारकेकडे आहे.

डॉक्टर तरुण होते, मलाच म्हणाले, "तुम्ही भाऊ का? गोळ्या बंद कशा झाल्या?" मी म्हटलं, मी बहारीनला असतो. खोटं काय त्यात? असतोच.

१६ डिसेंबर

बायला दोन दिवस झाले पाचूबंदरला घरी आणून. आज समोरच दयारामच्या घरी बैठक झाली. दयाराम, जातीतले दोन म्हातारे, आत्माराम, आये, मी. बाय आणि द्वारका आत, दार उघडं.

दयाराम म्हणाला, पोरगी द्वारकेकडे राहील, मथुरा कायमची माहेरी जाईल, आत्मारामने काडीमोड घेऊन दुसरी करावी. "औषध चालू असताना पोरीला बुडवायला निघाली. मग औषधाचा उपयोग काय?"

एक म्हातारा म्हणाला, "बुडवायला कशाला? पोर कोरडी होती म्हनतात."

"आज कोरडी. उद्या?" दयाराम म्हणाला. "एवढं सांगा, गोळ्या चालू होत्या का नव्हत्या? नव्हत्या तर गोष्ट वेगळी. मग दोष आजाराचा नाय, देनाऱ्याचा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आये माझ्याकडे बघत होती. भिंतीवर बोटींचं कॅलेंडर होतं, मी ते बघत होतो. मी बोलणार होतो. शब्द जुळवत होतो.

आत्माराम बोलला. "मी दिल्याच नव्हत्या बांधून. विसरलो. चूक माझी."

खोटं. सगळ्यांसमोर, चेहरा न हलवता. दयारामने त्याला आईबहिणीवरून शिव्या घातल्या. म्हातारा हसला, म्हणाला, टोपली आठवते, बायकोच्या गोळ्या आठवत नायत. आणि निकाल काय लागला? मथुराला घरात ठेवा, पण पोरगी द्वारकेकडेच. कारण आई आजारी आणि बाप विसराळू. अशा दोघांच्या भरवशावर पोर ठेवायची नाही.

आतून काही आवाज आला नाही. बायने रडायला पाहिजे होतं.

आये घरी येताना म्हणाली, "जाऊ दे. तू वाचलास." मी वाचलो? मी काय चोर आहे? कोणी मागितलं होतं त्याचं खोटं? मला लहान करायला बोलला तो. आता जन्मभर तो मोठा आणि मी लहान. जेवलो नाही.

१८ डिसेंबर

बायने निरोप पाठवून बोलावलं. आत्माराम समुद्रावर होता. बाय ओट्यावर बसली होती, हात परत हलायला लागलेत, शब्द सावकाश येतात. पण डोळे जागे होते. मला बस म्हणाली नाही.

"गोळ्या कुठं टाकल्यास?"

"समुद्रात."

"मी मागत होते ना रे."

मी म्हटलं, तू बरी दिसायला लागली होतीस. तुला असं सुजलेलं बघवत नव्हतं.

"तुला बघवत नव्हतं म्हनून," ती म्हणाली. "आत्मारामनं खोटं का सांगितलं, माहीत हाय?"

"मला खाली दाखवायला."

"तुझं नाव आलं असतं तर माझं माहेर तुटलं असतं. दयारामदादानं पायरी चढू दिली नसती. म्हनून. मी त्याला म्हटलं, कोनी सांगितलं होतं तुला? मला विचारलंस? त्याच्याशी पन भांडले मी." तिने पदराने ओठ पुसले, ओठ सुकतात तिचे. "माहेर मला नको. मला मालू पाहिजे. ती समोरच्या घरात रडते आनि मला उठून जाता येत नाय. मोठी झाल्यावर लोक तिला सांगतील, तुझ्या आयनं तुला समुद्रात नेलं. सांगू देत, नेलंच. पन का नेलं ते कोन सांगनार? तू तर बहारीनला."

"काय करू मग?"

"तुला काय करायचं ते मी सांगायचं काय? तू शहाना झालास ना, डॉक्टरपेक्षा."

मी उठलो. म्हटलं, मी तुझ्यासाठी नोकरी टाकून आलो आणि तू मला बोलतेस. आत्मारामने तुझे कान भरलेत.

"जा," म्हणाली. "दारात उभा राहू नको. उजेड अडतो."

मला असं कोणी बोललेलं नाही. परत पाय ठेवणार नाही त्या घरात. बाविसला विमान आहे, त्याआधी तोंड दाखवणार नाही.

२० डिसेंबर

आज काय झालं ते लिहितो, मग बॅग भरायची.

आयेसाठी मसाला आणायला वसईच्या बाजारात गेलो. म्हावऱ्याच्या बाजूला जायचं नव्हतं, पण रस्ता तिथूनच. आत्माराम नव्हता. त्याच्या जागेवर द्वारका बसली होती, मांडीवर मालू. पोरीच्या डोळ्यांत काजळ, गळ्यात काळे मणी. चांगली ठेवली होती, खोटं कशाला बोलू.

एक गिऱ्हाईक बाई विचारत होती, ही कोणाची. द्वारका म्हणाली, "आता माझीच. आय येडी, बाप विसराळू. पोर पान्यात घातली होती, नशीब म्हनून वाचली."

बाई च्च च्च करायला लागली. मालूकडे असं बघायला लागली की जणू पोरीलाच काही झालंय.

माझ्या डोक्यात काय गेलं माहीत नाही. मी ओरडलो. "माझी बाय येडी नाय. आनि तो काय विसरला नाय. त्यानं गोळ्या बांधून माझ्या हातात दिल्या होत्या. मी फेकल्या. अर्नाळ्याच्या समुद्रात. ती मागत होती आनि मी दिल्या नायत. कळलं सगळ्यांना? अजून मोठ्यानं सांगू?"

कोयत्यांचे आवाज थांबले. मी काही चूक कबूल केली नाही, राग आला म्हणून बोललो. ती दोघं घरात बसून मुकी झाली आणि ही बाजारात बसून त्यांच्या नावाने गिऱ्हाईक करते, याचा राग. माझा राग, मी कुठेही काढीन.

रेजिना मासा कापत होती. तिने कोयता बाजूला ठेवला, हात धुतले, पुसले. "द्वारका," म्हणाली, "ऐकलंस ना? मग आता पोर कुनाच्या हिशोबात तुझ्याकडं?"

"मी काय पळवली नाय तिला," द्वारका म्हणाली. तिचा आवाज फाटला. "मोठ्यांनी दिली. रात्रभर मी जागले हिच्याबरोबर."

"जागलीस. कोन नाय म्हनतं? तिच्या आयला पन सांग तसं. पन तिला दे."

द्वारकेने पोरीचं तोंड पदराने पुसलं, उगाच, तोंड स्वच्छ होतं. मग कोणाकडे न बघता तिला उचललं. मला वाटलं रेजिनाकडे देईल. तिने माझ्या अंगावर दिली. मी आजवर एवढं लहान मूल धरलेलं नाही. पोर किंचाळली, माझ्या शर्टाला लाथा मारल्या.

"पाठ धर तिची," रेजिना म्हणाली. "नीट. आनि इथं उभा राहू नको, गिऱ्हाईक अडतं."

पाचूबंदरपर्यंत चालत गेलो. पोर सगळा रस्ता रडत होती आणि लोक बघत होते, माणूस मूल घेऊन कुठे चाललाय म्हणून. एकाने विचारलं पण, काय रे, बायको पळाली काय? दुसरी वेळ असती तर त्याचे दात पाडले असते. हात मोकळे नव्हते.

बाय दारात आली. मी सांगणार होतो, बाजारात सांगून आलो, सगळ्यांसमोर. तिने मला बोलू दिलं नाही. हात पुढे केले. हात हलत होते. मी म्हटलं, "पडेल, आत जाऊन बस, मग देतो."

"दे," ती म्हणाली.

दिली. पोर तिच्या खांद्याला लागून हुंदके देत गप्प झाली. आत्माराम आतून दारापर्यंत आला, भिजलेलं जाळं हातात, उभा राहिला. त्याने पोरीला घेतलं नाही. बाय आत वळली आणि पायाने दार लोटून घेतलं. मी बाहेर, ती तिघं आत.

थोडा वेळ थांबलो. पाणी पण विचारलं नाही कोणी.

संध्याकाळी दयाराम आमच्या घरी येऊन आयेला आणि मला वाट्टेल ते बोलून गेला. माझ्या दारात पाय ठेवू नका म्हणाला. पोरगी परत मागितली नाही.